वागळे इस्टेटमधील बिनपाटीचे गॅरेज : इंजिन ऑइलची गळती आणि तिचे निदान

मोटारसायकलच्या इंजिनातून ऑइल गळू लागले, की बहुतेक ठिकाणी गळती नेमकी कुठून होते आहे हे पाहण्याआधीच गॅस्केट (दोन भागांमधील सांधा बंद करणारी पातळ पट्टी) बदलण्याचा सल्ला मिळतो. ठाण्यात वागळे इस्टेटच्या रोड क्रमांक १६ च्या आतल्या बाजूस, लेथ आणि वेल्डिंगच्या लहान कारखान्यांच्या रांगेत, पाटी नसलेले एक गॅरेज आहे. तेथील मेस्त्रींनी माझ्या दीडशे सीसीच्या जुन्या गाडीची गळती ज्या पद्धतीने शोधली, ती प्रत्येक गाडीमालकाला ठाऊक असायला हवी असे मला मनापासून वाटते, म्हणून हा अभिप्राय थोडा सविस्तर लिहीत आहे.

गाडी रात्रभर साइड स्टँडवर उभी राहिली की सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये फरशीवर ऑइलचे डाग पडलेले असत, आणि घोडबंदर रस्त्याच्या कोंडीतून घरी आल्यावर डाव्या बुटावर तेलकट थर दिसे. याआधी दुसऱ्या एका ठिकाणी मॅग्नेटो कव्हरच्या (वीज तयार करणाऱ्या भागावरच्या झाकणाच्या) कडेने सिलिकॉन फासून गाडी परत देण्यात आली होती. गळती थांबली नाही, तेव्हा तेथेच हाफ इंजिनचे, म्हणजे इंजिनचा वरचा भाग उघडण्याचे, काम निघेल असे सांगून काही हजारांचा अंदाज देण्यात आला.

वागळे इस्टेटमधील मेस्त्रींनी पाना हातात घेण्यापूर्वी गाडी डबल स्टँडवर सरळ उभी केली, इंजिन थोडा वेळ चालवून बंद केले आणि ऑइल खाली उतरू दिल्यावर डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) पाहिली. ऑइल वरच्या खुणेच्याही वर होते. गळणाऱ्या गाडीत ऑइल जास्त कसे, असा प्रश्न मला पडला, पण त्यांनी उलट मलाच विचारले, "साहेब, गेल्या सर्व्हिसिंगनंतर गळती वाढली का?" ती खरोखरच तेव्हापासून वाढली होती. गळते म्हणून कोणीतरी मापापेक्षा जास्त ऑइल भरून ठेवले असावे, असा त्यांचा तर्क होता.

त्यानंतर त्यांनी संपूर्ण इंजिन डिझेल आणि ब्रशने स्वच्छ केले, पाण्याने धुतले आणि कॉम्प्रेसरच्या हवेने खाचाखोचांपर्यंत कोरडे केले. पुढच्या स्प्रॉकेटचे (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाचे) कव्हर काढून आतला चिखल व चेनच्या ग्रीसचा काळा लगदा खरवडून काढला, कारण चेनवर मारलेले वंगण तेथे उडून साचते आणि अनेकदा तेच इंजिनचे ऑइल समजले जाते. मग इंजिनच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरपासून तळाशी ऑइल काढण्यासाठी असलेल्या ड्रेन बोल्टपर्यंत सगळीकडे साध्या टाल्कम पावडरचा पातळ थर मारला, इंजिन चांगले गरम होऊ दिले आणि गाडी जवळच एक फेरी मारून आणली.

ही पावडरची पायरी वेळखाऊ वाटते, पण माझ्या मते संपूर्ण निदानाचा कणा तीच आहे. ऑइल जिथून टपकते तिथूनच ते गळते असे नसते. चालत्या गाडीवर वारा त्याला मागे ढकलतो, गुरुत्वाकर्षण खाली ओढते, आणि साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलत असल्यामुळे इंजिनच्या वरच्या भागातून आलेले ऑइलही अखेर डाव्या बाजूलाच ठिबकते. म्हणून ओल्या भागातील सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची जागा शोधावी लागते. टॅपेट कव्हरची ओ-रिंग, हेड कव्हर, सिलिंडरच्या तळाचे गॅस्केट, क्लच व मॅग्नेटोची कव्हरे, स्प्रॉकेटच्या शाफ्टचे ऑइल सील (शाफ्टभोवती ऑइल अडवणारी रबरी कडी) आणि ड्रेन बोल्टचे वॉशर हे सारे संशयित असतात, आणि यांतले काही अगदी स्वस्तात बदलता येतात, तर काहींसाठी इंजिन उघडावे लागते. कोणते काम करायचे हे पावडर सांगते.

फेरीनंतर पावडर वरच्या भागात पूर्ण पांढरी आणि कोरडी होती. मॅग्नेटो कव्हरची कडही कोरडीच होती. गिअरचा शाफ्ट इंजिनातून जिथे बाहेर येतो, तिथून मात्र एक बारीक तपकिरी रेघ निघून खाली ड्रेन बोल्टकडे गेलेली स्पष्ट दिसत होती. मेस्त्रींनी बॅटरीच्या उजेडात ती मला दाखवली आणि मगच गिअरचा लिव्हर काढला. माझ्या गाडीत या शाफ्टचे सील बाहेरूनच निघते, त्यासाठी इंजिन उघडावे लागत नाही. जुन्या सीलचा ओठ उष्णतेने इतका कडक झाला होता की नखाने दाबला तरी वाकत नव्हता. नवे सील बसवताना त्यांनी शाफ्टच्या दात्यांवर पातळ टेप गुंडाळली, जेणेकरून सीलचा नवा ओठ त्या धारेवर कापला जाणार नाही, त्यावर ऑइलचे बोट फिरवले आणि योग्य मापाचा सॉकेट टेकवून ते हलकेच ठोकत सरळ आत बसवले.

दुसरा कोणी येथे थांबला असता, परंतु सीलवर अचानक ताण का आला, हे पाहिल्याशिवाय त्यांनी गाडी सोडली नाही. पिस्टन खाली येतो तेव्हा इंजिनच्या तळातील हवा दाबली जाते आणि ती ब्रीदर पाइपने एअर फिल्टरच्या डब्याकडे जाते. माझ्या गाडीत तो पाइप डब्याखाली दुमडून चेपला गेला होता. वाट बंद आणि त्यात ऑइल जास्त, त्यामुळे आतला दाब सर्वांत कमजोर सीलमधून ऑइल बाहेर ढकलत होता. पाइप तसाच राहिला असता तर नवे सीलही फार काळ टिकले नसते. हे निदान मला या गॅरेजचे सर्वांत मोठे बळ वाटते.

मॅग्नेटो कव्हर उघडून जुने सिलिकॉन खरवडून काढले आणि कागदी गॅस्केट नवे घातले. जादा सिलिकॉन आतल्या बाजूला फुगते आणि त्याचे तुकडे सुटून ऑइलच्या जाळीत अडकू शकतात, त्यामुळे सिलिकॉन फासण्याला माझा ठाम विरोध आहे. नवे ऑइल भरताना डब्यावरची १० डब्ल्यू ३० ही ऑइलच्या घट्टपणाची श्रेणी आणि 'जासो एमए २' ही मोटारसायकलच्या ऑइलच्या जपानी मानकाची खूण त्यांनी स्वतःहून दाखवली. क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो अशा गाडीत ही खूण पाहणे आवश्यक असते. सील शंभर रुपयांच्या आत मिळाले, मजुरी सहाशे रुपये झाली, ऑइल आणि गॅस्केटचे पैसे वेगळे. त्यानंतर सबंध पावसाळा गेला, तरी पार्किंगची फरशी कोरडी आहे.

काही गोष्टी मात्र खटकल्या. येथे टॉर्क पाना, म्हणजे ठरावीक जोरानेच बोल्ट आवळू देणारा पाना, नाही. ड्रेन बोल्ट हाताच्या अंदाजाने आवळला जातो. मेस्त्रींचा हात बसलेला आहे हे खरे, पण ॲल्युमिनियमच्या क्रँककेसमध्ये (इंजिनच्या खालच्या कवचात) जास्त आवळलेला बोल्ट आटे घालवतो आणि मग लेथवाल्याकडे नवे आटे पाडून घ्यावे लागतात, म्हणून एवढे चांगले काम करणाऱ्या ठिकाणी हे एक हत्यार असायलाच हवे. ड्रेन बोल्टचे वॉशरही मी सांगितल्यावर बदलले गेले. छापील बिल मिळत नाही, वहीतल्या कागदावर हिशोब लिहून देतात. बसायला जागा नाही आणि रविवारी दुपारनंतर गॅरेज बंद असते.

येथे जायचे असल्यास सकाळी लवकर जावे, कारण धुणे, वाळवणे आणि फेरी यांत अर्धा दिवस सहज जातो. सर्व कंपन्यांची सील त्यांच्याकडे नसतात, तेव्हा गाडीचे मॉडेल आणि वर्ष आदल्या दिवशी कळवून ठेवावे. आणि गाडी धुऊन नेऊ नये. गळलेल्या ऑइलमुळे इंजिनवर धूळ कुठे चिकटली आहे, हे मेस्त्री आधी पाहतात.