आधी कार्ब्युरेटर की आधी स्पार्क?

जुनी दोन सिलिंडरची बाइक आयडलला, म्हणजे थ्रॉटल न देता, फडफडतेय. एका एक्झॉस्ट पाइपवर टाकलेला पाण्याचा थेंब चुर्र करून उडतो, दुसऱ्यावर नुसता ओघळतो. म्हणजे तो सिलिंडर झोपलाय.

बहुतेक जण थेट कार्ब्युरेटरला हात घालतात, आणि त्यात तथ्य आहे. गाडी बरेच महिने उभी असेल तर पेट्रोल सुकून पायलट जेटचं (आयडलला पेट्रोल पुरवणाऱ्या जेटचं) बारीकसं भोक बुजतं. मग गाडी आयडलला अडखळते, पण थ्रॉटल दिला की सुरळीत पळते. मात्र दोन्ही कार्ब काढून धुणं, परत सिंक करणं (दोन्ही एकसारखे जुळवणं) यात अख्खा दिवस जातो.

स्पार्क तपासायला १०-१५ मिनिटं पुरतात. दोन्ही प्लग काढून शेजारी ठेवा. ओला असेल तर पेट्रोल येतंय, पण जळत नाहीये. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी पडतंय किंवा कार्ब नि इंजिन जोडणाऱ्या इनटेक रबरातून हवा शिरतेय. मग प्लगांची अदलाबदल करा. बिघाडही प्लगाबरोबर गेला तर दोष त्याचाच.

मी नेहमी स्पार्कपासूनच सुरुवात करतो. आणि थ्रॉटल देऊनही सिलिंडर जागा होत नसेल तर टॅपेट (व्हॉल्व्हची फट) नि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बघाच. टॅपेट फार घट्ट असेल तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, मग कार्ब कितीही धुवा.