शॉर्ट-टर्म डिसॅबिलिटी विमा : क्लेम नाकारला, मग मिळाला

डिसेंबरात नवी नोकरी धरली, तेव्हाच ही पॉलिसी घेतली. प्रीमियम माझ्याच पगारातून, कर कापून झाल्यावर. १ जानेवारीपासून लागू. जुलैत कमरेच्या चकतीचं ऑपरेशन झालं आणि ती वापरायची वेळ आली. आता कामावर परतलोय, पैसेही आलेत, तेव्हा सविस्तर लिहितो.

अमेरिकेत राहून आपल्याला सवय झालेली असते ती आरोग्य विम्याची. ओबामाकेअरमुळे २०१४ पासून तिथे जुन्या आजारावरून अडवत नाहीत. डिसॅबिलिटी विम्याला मात्र तो कायदा लागू नाही. हा विमा हॉस्पिटलचं बिल भरत नाही, बुडालेला पगार देतो, आणि जुन्या आजाराचं कलम इथे अजून ठणठणीत आहे.

माझ्या पॉलिसीत ते '३/१२' होतं. म्हणजे पॉलिसी सुरू होण्याआधीच्या ३ महिन्यांत ज्या दुखण्यासाठी डॉक्टर गाठला, तपासणी केली किंवा गोळी घेतली, त्याच दुखण्याने पहिल्या १२ महिन्यांत घरी बसावं लागलं तर पैसे नाहीत. काही पॉलिसींत हे ६/१२ किंवा १२/१२ असतं. दुखणं किती वर्षांचं आहे, याला माझ्या पॉलिसीत महत्त्व नव्हतं. माझी कंबर जुनी दुखरी, पण फिजिओथेरपी ऑगस्टमध्येच संपली होती आणि ऑक्टोबर ते डिसेंबर कमरेसाठी काहीच केलं नव्हतं.

तरी क्लेम नाकारला गेला. विमा कंपनीने फार्मसीच्या नोंदी मागवल्या, त्यात नोव्हेंबरची गॅबापेंटिनची बाटली सापडली. हे औषध कमरेतून पायात जाणाऱ्या कळेसाठीही देतात. मला दिलं होतं नागीण बरी झाल्यावर उरलेल्या आगीसाठी! फार्मसीच्या यादीत औषध, मात्रा, तारीख असं सगळं होतं. कशासाठी दिलं, तेवढंच नव्हतं.

नोकरीतून मिळणाऱ्या बहुतेक पॉलिसींना १९७४ चा एरिसा (नोकरीतून मिळणाऱ्या लाभांबद्दलचा कायदा) लागू असतो. नकाराचं पत्र मिळाल्यापासून अपिलाला १८० दिवस मिळतात. फोनवर वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी फॅमिली डॉक्टरांकडून नोव्हेंबरच्या भेटीची नोंद काढली. 'उजव्या बरगडीखाली पट्टा, नागिणीनंतरची वेदना', कमरेचं नावही नाही. सोबत डॉक्टरांचं दोन ओळींचं पत्र जोडलं. अपील मंजूर.

पैशांबद्दल तक्रार नाही. मूळ पगाराच्या ६० टक्के. पहिले १४ दिवस प्रतीक्षा काळ, तो आजारपणाच्या रजेत भागवला. प्रीमियम मी कर भरून देत होतो म्हणून मिळालेल्या रकमेवर आयकर नाही; नोकरी देणारी कंपनी प्रीमियम भरत असेल तर लागतो. कटकट होती ती डॉक्टरांच्या फॉर्मची. 'विश्रांती आवश्यक' एवढं लिहून चालत नाही. किती पाउंड उचलता येतात, सलग किती वेळ बसता येतं, हे आकड्यांत हवं. सर्जनच्या ऑफिसने पहिल्यांदा ते रकाने कोरेच पाठवले.

आणि हा विमा नोकरी वाचवत नाही. त्यासाठी १९९३ चा एफएमएलए कायदा आहे, १२ आठवड्यांची बिनपगारी रजा, पण नोकरीत १२ महिने झालेले हवेत. माझे झाले नव्हते. कंपनीने आपणहून रजा दिली, हे नशीब.

बाळाचा विचार असेल त्यांनी तारखा आधी जुळवून पाहाव्यात. पॉलिसी सुरू होण्याआधीच गर्भारपणाची तपासणी झाली असेल तर अशा पॉलिसीत बाळंतपणही जुन्या आजारात धरलं जाऊ शकतं. नाहीतर साध्या बाळंतपणाला साधारण ६ आणि सिझेरियनला ८ आठवडे धरतात, त्यातून प्रतीक्षा काळ वजा. कॅलिफोर्नियात राज्याचीच योजना आहे, तिथे जुन्या आजाराची अट नाही. आमच्या टेक्सासात तसं काही नाही.

पॉलिसी पुढेही ठेवतोय. रक्कम मात्र वाढवणार नाही. माझ्या पॉलिसीत वाढीव भागाला ३/१२ नव्याने सुरू होतं, आणि सर्जनकडे फेऱ्या अजून चालू आहेत.