व्हिंटेज शँपेन: फ्लूट की ट्यूलिप?

फ्रान्सच्या शँपेन प्रांतात अनेक वर्षांच्या वाइन मिसळून केलेली साधी बाटली विक्रीआधी निदान १५ महिने मुरते. व्हिंटेज म्हणजे एकाच वर्षाच्या द्राक्षांची, तिला निदान ३ वर्षं. शँपेन बनवणारी जुनी घराणी तर त्याहून बरीच जास्त थांबतात. मृत यीस्टच्या गाळावर इतका काळ पडून राहिल्याने तिला भाजलेल्या पावाचा, बदामाचा वास येतो. तो नाकापर्यंत पोचवायचा कोणत्या ग्लासातून, फ्लूट की ट्यूलिप, हा खरा प्रश्न.

फ्लूट देखणा, यात वाद नाही. तळातल्या एका ठिपक्यातून बुडबुड्यांची बारीक माळ वर चढते, आणि उंच, अरुंद आकारामुळे ती बराच वेळ टिकते. पण तोंड इतकं चिंचोळं, की वास घ्यायला गेलं तर कार्बन डायऑक्साइडच नाकात झोंबतो. नुसतं ‘चीअर्स’ म्हणायला आणि साध्या बाटलीसाठी ठीक आहे.

ट्यूलिपचं पोट फुगीर, तोंड आवळलेलं. एक तृतीयांशच भरा, ग्लास तिरका धरून हळूहळू. आधी लिंबाच्या सालीचा वास येतो. पाचेक मिनिटं तसाच राहू दिला, की मागून मध आणि भाजलेले बदाम. फेस लवकर बसतो खरा, पण इतकी वर्षं मुरलेल्या वाइनचे बुडबुडे तसेही मवाळच असतात.

माझं मत अर्थात ट्यूलिपला. फक्त बाटली बर्फगार नको. १० ते १२ अंश सेल्सिअस पुरे. त्याहून थंड केली तर ट्यूलिपसुद्धा मुकाच.