कॅल्शियम नायट्रेटच्या पोत्यात भलतंच मीठ

वाळवा, कराड, कोरेगाव पट्ट्यात उन्हाळी टोमॅटो फुलावर आला की बांधावर टेम्पो उभा राहतो. ‘कंपनीचा थेट माल’ म्हणून कॅल्शियम नायट्रेट खताचं २५ किलोचं पोतं दुकानापेक्षा स्वस्त मिळतं. पावती मागितली की ‘व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो’. पोत्यावर नामांकित छाप, आत पांढरे दाणे. त्याला भुललेल्यांत आम्हीही आहोत.

फसलो हे लगेच कळत नाही, मेख तिथंच आहे. ड्रिपमधून एकरी आठवड्याला ५ किलो खत जात राहतं, झाड हिरवंगार दिसतं. फळ लिंबाएवढं झालं की कॅल्शियम कमी पडल्यानं बुडाला पाणचट डाग पडतो आणि पुढं काळा होऊन चामड्यासारखा दबतो. असलं फळ क्रेटमध्ये भरता येत नाही, आणि पडलेला डाग नंतर खरं कॅल्शियम देऊनही जात नाही. विकणाऱ्याला फोन केला तर उत्तर ठरलेलं: ‘तुमचं पाणी कमी-जास्त झालं.’ यात अर्धं खरं असतं. कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढतं, त्यामुळं पाण्याचा ताण पडला तरी बूड काळं पडतं. त्याच आडोशानं तो सुटतो, वर बोरॉन या सूक्ष्म अन्नद्रव्याची बाटली गळ्यात मारतो.

पोतं घ्यायच्या आधी चमचाभर खत अर्धा ग्लास फिल्टरच्या पाण्यात टाका. बोअरचं क्षाराचं पाणी नको. अस्सल खत पूर्ण विरघळतं, ग्लास हाताला गार लागतो. गरम लागला तर कॅल्शियम क्लोराईडचा संशय घ्या. दुसऱ्या ग्लासात चमचाभर मॅग्नेशियम सल्फेट विरघळवून दोन्ही एकत्र करा. थोड्या वेळात दुधाळ साका बसला तर कॅल्शियम आहे; पाणी नितळ राहिलं तर माल परत. (ही दोन खतं एका टाकीत घालत नाहीत ती याच साक्यामुळं, ड्रिपर चोंदतात.)

ग्लासातला साका तक्रारीत चालत नाही. पोत्यावर नत्र १५.५ टक्के, कॅल्शियम १८.५ टक्के, उत्पादकाचं नाव आणि बॅच नंबर हवा. तोच नंबर परवानाधारक दुकानाच्या पक्क्या बिलावर लिहून घ्या. एक पोतं शिलाई न उसवता ठेवा. खत नियंत्रण आदेश १९८५ प्रमाणे कारवाईसाठी खत निरीक्षकानं काढलेला नमुना लागतो, म्हणून आधी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या. खासगी प्रयोगशाळेचा अहवाल आपल्या माहितीपुरता.

आणि रिकामी पोती भंगारात देताना मधोमध कापून द्या. अखंड छापील पोतं पुन्हा भरता येतं.