वयाच्या रकान्यात १८, आणि माझे ३२,३५० रुपये

हे लिहिताना लाज वाटते, कारण मी हिशेबनीस आहे आणि दुसऱ्यांच्या बिलांतील चुका काढण्याचाच पगार घेतो. तरीही मुलांचे वजन कमी करून देणाऱ्या शहरातील एका केंद्राने माझे ३२,३५० रुपये आणि माझ्या बारा वर्षांच्या मुलाच्या उपचाराचे चार महिने नेले.

सुरुवात रंकाळ्यावर झाली. सकाळी फिरायला गेलो असता मोफत तपासणीचा तंबू दिसला. मुलाच्या मानेमागे काळसर, मखमलीसारखा जाड पट्टा उमटला होता. तो मळ समजून त्याची आई दर रविवारी डाळीचे पीठ लावून घासत असे. तंबूतील बाईंनी मान पाहताच सांगितले, "हा मळ नाही, शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याची खूण आहे." त्यांचे हे एकच वाक्य खरे होते आणि त्याच्या भरवशावर मी पुढची सगळी खोटी गिळली.

मग मुलाला अनवाणी मशीनवर उभे केले आणि बाईंनी माझ्या डोळ्यांदेखत वयाच्या रकान्यात १८ आकडा घातला. मी विचारले, तर "मशीन लहान मुलांचे वय घेत नाही, त्याने काही फरक पडत नाही" असे उत्तर मिळाले. तिथेच मुलाचा हात धरून निघायला हवे होते. जे मशीन बारा वर्षे हा आकडाच स्वीकारत नाही, ते बारा वर्षांच्या मुलाविषयी काय सांगणार? ऑफिसात एखाद्याने व्हाउचरवर असा आकडा बदलला असता, तर मी त्याला उभा-आडवा धरला असता. पण कागदावर 'मेटाबॉलिक वय ४१', म्हणजे शरीर जणू ४१ वर्षांच्या माणसाचे, असे लाल अक्षरांत छापून आले, मुलगा माझ्याकडे पाहू लागला आणि माझी बुद्धी बधिर झाली. आमच्या घरात वडिलांना आणि थोरल्या काकांना मधुमेह आहे. ज्याच्या घरी नाही, त्याने मला हसावे.

नोंदणीचे २,५०० रोख दिले, पॅकेजचे १८,००० यूपीआयने आणि पावडरचे तीन डबे प्रत्येकी ३,९५० रुपयांना घेतले. यूपीआयवर केंद्राचे नाव न येता एका खासगी व्यक्तीचे नाव आले, तेव्हाही मी थांबलो नाही. बिल "नंतर व्हॉट्सॲपवर" येणार होते, ते अजून यायचे आहे. डब्यावरील स्टिकर नखाने उचकटला, तेव्हा खाली दुसरेच लेबल निघाले. घटकांत पहिले माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून बनणारी, साखरेसारखीच पटकन पचणारी भुकटी) आणि दुसरी साखर होती. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, म्हणून पहिली दोन नावे वाचल्याशिवाय डबा उघडू नका.

चार महिन्यांत वजन ६८ वरून ७१ किलो झाले. शेवटी बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी साध्या टेपने कंबर मोजली, रक्तदाब घेतला आणि उपाशीपोटी रक्त तपासले: साखर १०४, ट्रायग्लिसराइड (रक्तातील चरबी) १७८, एचडीएल ('चांगले' कोलेस्टेरॉल) ३६. दहा ते सोळा वयात कंबर वयाच्या मानाने फार जास्त असेल आणि साखर १०० किंवा अधिक, ट्रायग्लिसराइड १५० किंवा अधिक, एचडीएल ४० पेक्षा कमी, रक्तदाब १३०/८५ किंवा अधिक यांपैकी दोन गोष्टी आढळल्या, तर त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम, म्हणजे पुढे मधुमेह आणि हृदयविकाराकडे नेऊ शकणारी अवस्था, म्हणतात. म्हणजे भीती खरी होती, फक्त ती विकणारे खोटे होते. डॉक्टरांनी पावडर बंद केली. गोड पेये आणि बेकरीचे पदार्थ थांबवून रोज तासभर खेळ आणि वेळेवर झोप सांगितली.

केंद्राचे शटर तोवर खाली आले होते. पोलिसांकडे गेलो, तर "पैसे तुम्ही स्वखुशीने दिलेत, हा दिवाणी मामला आहे" म्हणून बोळवण झाली. एका कार्यालयाने सीलबंद डबा मागितला; मुलाला खायला घातलेला डबा सीलबंद कसा राहील, हे मात्र कोणी सांगितले नाही. दुसऱ्या ठिकाणी मी १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याच्या अनुसूचीत लठ्ठपणाचे नाव असल्याचे दाखवले, तेव्हा "तो औषधांसाठी, हे तर अन्न आहे" असे उत्तर आले आणि अन्नाच्या टेबलावर "यावर उपचाराचा दावा आहे, औषधवाल्यांकडे जा" असे सांगण्यात आले. ही दोन्ही टेबले एकाच मजल्यावर आहेत. तिसऱ्या साहेबांनी चहा पीत सल्ला दिला, "पोराला तालमीत घाला की!" सहा खेपा, चार अर्ध्या रजा आणि हाती एक पोच.

पॅकेजचा फलक, डबा, स्टिकर, व्यवहाराचा स्क्रीनशॉट, सगळ्याचे फोटो पहिल्याच दिवशी काढा. मी ते शटर पडल्यावर काढले. रोख तर देऊच नका. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही, हे मला सहाव्या खेपेनंतर एका वकील मित्राकडून कळले. तक्रार दाखल केली आहे. २,५०० रुपये रोख दिल्याचा पुरावा नसल्याने मागणी २९,८५० रुपयांचीच आहे.