वॉशिंग मशीनचं पाणी थेट झाडांच्या आळ्यात: कॅलिफोर्नियातल्या ‘लॉन्ड्री टू लँडस्केप’ किटचं परीक्षण

निकाल आधी सांगून टाकू. घराला अंगण आहे, मशीन गॅरेजमध्ये किंवा बाहेरच्या भिंतीला लागून आहे, आणि अंगणात चार-दोन फळझाडं आहेत, तर हे किट जरूर घ्या. मशीन घराच्या मधोमध असेल, अंगण मशीनपेक्षा उंचावर असेल, किंवा पाणी फक्त हिरवळीला द्यायचं असेल, तर घेऊ नका. हिरवळीला पाणी फवाऱ्याने लागतं, आणि ग्रेवॉटर, म्हणजे कपडे-अंघोळीचं वापरलेलं पाणी, फवारायला कॅलिफोर्नियात बंदी आहे.

किट म्हणजे तसं थोडंच सामान. पितळेचा एक इंची तीन-तोंडी व्हॉल्व्ह, हवा आत घेणारा एक व्हेंट, एक इंची काळा पॉली पाइप, त्यावर बसणारे एक इंच बाय अर्धा इंच टी (T आकाराचे जोड), अर्ध्या इंचाचे छोटे बॉल व्हॉल्व्ह आणि जोडणीचे तुकडे. टाकी नाही, फिल्टर नाही, वेगळा पंप नाही. पाणी ढकलायचं काम मशीनचा स्वतःचाच पंप करतो. ही रचना सांता बार्बराच्या आर्ट लुडविग यांची. पेटंटच्या मागे न लागता त्यांनी ती सगळ्यांना वापरायला खुली केली, म्हणून हेच किट अनेक दुकानांतून वेगवेगळ्या नावांनी मिळतं. सुटं सामान घेऊन स्वतः जोडलं तर साधारण दीडशे ते अडीचशे डॉलर लागतात. माणूस बोलावला तर मजुरीच सामानाच्या कितीतरी पट होते.

टाकी, फिल्टर आणि पंप असलेली महाग किटंही बाजारात आहेत. साध्या घरासाठी त्यांची शिफारस करत नाही. कपड्यांचं पाणी साठवलं की त्यातला मळ आणि साबण कुजू लागतो. २४ तासांत वास सुटतो, आणि पुढे ते पाणी हाताळण्यासारखं राहत नाही. फिल्टरमध्ये कपड्यांचा भुगा अडकतो, तो दर आठवड्याला कुणीतरी साफ करावा लागतो, आणि दोन महिन्यांनी तो ‘कुणीतरी’ सापडत नाही. या किटमध्ये भुगा अर्ध्या इंचाच्या तोंडातून सरळ आळ्यात जातो आणि तिथेच मातीत मिळतो. त्याच कारणाने जुनी ठिबकची नळी याला जोडू नका. ठिबकची भोकं काही आठवड्यांत बुजतात.

आता नियम, कारण किटची खरी किंमत त्यांच्यामुळे ठरते. २००९ साली दुष्काळात कॅलिफोर्नियाने प्लंबिंग नियमावली बदलली आणि एकाच वॉशिंग मशीनपुरत्या अशा जोडणीला परवान्यातून सूट दिली. आज हा भाग नियमावलीच्या १५व्या प्रकरणात आहे. सूट मिळते ती अटींवर. पाणी अंगणात सोडायचं की ड्रेनेजमध्ये, हे बदलता आलं पाहिजे. तो व्हॉल्व्ह सहज हाताशी हवा आणि त्यावर दोन्ही दिशा लिहिलेल्या हव्यात. पिण्याच्या पाण्याच्या लाइनला कुठेही जोड नको, आणि मशीनच्या पंपाशिवाय दुसरा पंप नको. पाणी आपल्याच आवारात मुरलं पाहिजे. डबकं साचता कामा नये आणि शेजाऱ्याकडे किंवा रस्त्यावर ओघळ जाता कामा नये. पाणी जिथे बाहेर पडतं तिथे त्यावर निदान दोन इंच आच्छादन हवं, म्हणजे मुलांचा आणि कुत्र्या-मांजरांचा त्याच्याशी संपर्क येत नाही. बाळाची दुपटी, लंगोट किंवा आजारी माणसाचे खराब झालेले कपडे धुताना व्हॉल्व्ह ड्रेनेजकडे वळवायचा. तेला-ग्रीसच्या चिंध्या धुतल्या तरी तेच. आणि एक माहितीपत्रक घरातच राहिलं पाहिजे, घर विकलं तर ते नव्या मालकाकडे गेलं पाहिजे.

व्हॉल्व्हवरची अक्षरं आणि माहितीपत्रक या दोन अटींत बहुतेक किटं कमी पडतात. दिशा लिहिलेला स्टिकर पातळ असतो आणि गॅरेजच्या उन्हात वर्षभरात उडतो. माहितीपत्रक तर जोडणीचंच असतं, देखभालीचं नसतं. दोन्ही स्वतः करून घ्या. व्हॉल्व्हवर पक्क्या शाईने ‘अंगण’ आणि ‘ड्रेनेज’ लिहा, घरी येणाऱ्या प्लंबरसाठी इंग्रजीतही लिहा. एका कागदावर पाइपचा नकाशा, कोणत्या झाडाला किती तोंडं आणि कोणता साबण चालतो एवढं लिहून प्लास्टिकच्या पिशवीत मशीनमागे टांगा.

शॉवर, टब आणि बेसिनचं पाणीही कॅलिफोर्नियात ग्रेवॉटरच, पण त्यासाठी प्लंबिंग कापावं लागतं, म्हणून सहसा परवाना लागतो. दिवसाला २५० गॅलनपर्यंतची (गॅलन म्हणजे ३.८ लिटर) योजना ‘साधी’ धरतात. स्वयंपाकघरातलं सिंक आणि डिशवॉशर या व्याख्येतच बसत नाहीत, कारण त्यांच्या पाण्यात तेल आणि अन्नकण असतात. राज्याचे नियम हे किमान आहेत आणि शहर त्याहून कडक नियम लावू शकतं, तेव्हा खणायच्या आधी शहराच्या इमारत विभागाला एक फोन करा. काही पाणीपुरवठा संस्था या किटसाठी अनुदानही देतात. सामान घेण्याआधीच अटी विचारून घ्या, काम झाल्यावर केलेला अर्ज नाकारला जाऊ शकतो.

जोडणीत चुका होतात त्या मुख्यतः व्हेंटपाशी. पाइप मशीनपासून खाली अंगणात उतरतो. व्हेंट नसेल तर पाणी एकदा वाहू लागलं की सायफन लागतो आणि ड्रममध्ये भरत असलेलं स्वच्छ पाणीही ओढून नेतो. मशीन भरतच राहतं, धुणं संपत नाही. व्हेंट अंगणाकडे जाणाऱ्या पाइपवर, व्हॉल्व्हच्या पुढे, सगळ्यात उंच जागी बसवायचा, आणि तो मशीनच्या काठापेक्षा निदान सहा इंच वर असला पाहिजे. अधूनमधून तो थेंबभर पाणी टाकतो, म्हणून विजेच्या सॉकेटच्या वर बसवू नका. स्वस्त किटमध्ये येणारा व्हेंट प्लास्टिकचा असतो. तो चालतो, पण आतलं रबर कडक झालं की बदलावा लागतो, म्हणून चिकटवू नका, आट्यांचाच घ्या.

व्हॉल्व्ह विकत घेताना दांडा फिरवून पाहा. दोन्ही तोंडं एकाच वेळी बंद होतील असा व्हॉल्व्ह नको. तसं झालं तर पंप बंद पाइपवर जोर लावतो आणि रबरी होज निसटून गॅरेजभर पाणी होतं. होज व्हॉल्व्हला स्टीलच्या क्लॅम्पने आवळा, आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळा. ड्रेनेजकडची नळी जुन्या उभ्या पाइपात नुसती सोडायची, सील करायची नाही. भिंतीतून जायला एक इंची पीव्हीसी पाइपसाठी सुमारे दीड इंचाचं भोक पुरतं. आधी भिंतीत वायर नाही ना ते पाहा, आणि अंगणात चर खणण्याआधी ८११ ला फोन करा. जमिनीखालच्या गॅस-विजेच्या लाइनवर ते फुकट खुणा करून देतात.

पाइप एक इंचाचाच ठेवा. पाऊण इंचाचा स्वस्त पडतो, पण पंपावर ताण येतो आणि नव्या फ्रंट लोडरच्या (समोरून कपडे टाकायच्या मशीनच्या) पंपात तेवढी ताकद नसते. सपाट अंगणात ५० फुटांच्या आत थांबा, उताराकडे त्याहून लांब जाता येतं. चढावर नेऊ नका. तोंडांचा हिशोबही साधा आहे. अर्ध्या इंचाच्या तोंडाचं क्षेत्रफळ एक इंची पाइपच्या चौथा हिस्सा असतं. म्हणून निदान चार तोंडं पूर्ण उघडी हवीत, नाहीतर पाइपचं शेवटचं टोक पूर्ण उघडं ठेवा. सगळे बॉल व्हॉल्व्ह अर्धे-अर्धे मिटून ‘पाणी सारखं वाटलं’ म्हणणारे पंप जाळतात. फ्रंट लोडरला सहा-आठ तोंडांपुढे जाऊ नका.

किटमध्ये जे मिळत नाही ते आळं, आणि सगळं यश त्याच्यावर आहे. झाडाच्या बुंध्याशी नाही, फांद्यांच्या टोकाखाली गोल चर खणा, आठ ते बारा इंच खोल, दीड फूट रुंद. तो लाकडाच्या जाड चिप्सनी भरा. पाइपचं तोंड उलट्या कुंडीत किंवा व्हॉल्व्ह बॉक्समध्ये असं ठेवा, की पाणी काही इंच हवेतून चिप्सवर पडेल. तोंड मातीत पुरलं तर मुळं आत शिरतात आणि वर्षभरात पाइप बंद होतो.

आळं किती मोठं हवं ते माती ठरवते. नियमावलीतला तक्ता सांगतो, की एका चौरस फुटात दिवसाला जाड वाळूत ५ गॅलन मुरतात, वालुकामय पोयट्यात अडीच, आणि जवळजवळ वाळू नसलेल्या चिकणमातीत फक्त ०.८. फ्रंट लोडर एका धुण्याला साधारण २० गॅलन टाकतो. शनिवारी एका दमात चार धुणी काढली तर ८० गॅलन, म्हणजे चिकणमातीत १०० चौरस फूट आळं लागेल. तीच धुणी चार दिवसांत वाटली तर २५ चौरस फुटांत भागतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात बऱ्याच ठिकाणी चिकणमातीच आहे, तेव्हा आठवडाभराचे कपडे साठवायची सवय इथे बदलावी लागेल.

झाडाला किती पुरतं? दहा फूट पसाऱ्याच्या फळझाडाचं क्षेत्र सुमारे ७८ चौरस फूट. जुलैत आठवड्याला दीड इंच बाष्पीभवन धरलं आणि झाडाची गरज त्याच्या निम्मी धरली, तर १.५ × ०.५ × ७८ × ०.६२ (चौरस फुटावरच्या एक इंच पाण्याचे गॅलन), म्हणजे आठवड्याला सुमारे ३६ गॅलन. चार धुण्यांचं पाणी अशा दोन झाडांना पुरतं. सहा झाडांना तोंडं काढून प्रत्येकाला घोटभर पाजण्यापेक्षा दोन झाडं नीट भिजवा.

लिंबू, डाळिंब, अंजीर, पेरू या पाण्यावर छान वाढतात. मुळा, गाजर, बटाटा याला नको, आणि जमिनीला टेकणारी मेथी-कोथिंबीरही नको. नियमच तसा आहे. घरी परसात मोरीच्या पाण्यावर केळ आणि अळू लावायची आपली जुनी रीत आहे. केळ इथेही चालते, पण अळूचा कंद खायचा असेल तर ते कंदमुळात मोडतं. कढीपत्ता कुंडीत असेल तर त्याला हे पाणी देऊ नका, कुंडीत क्षार साचतात. ब्लूबेरी, कॅमेलिया, अझेलिया यांना आम्लयुक्त माती लागते आणि साबणाचं पाणी अल्कधर्मी असतं, म्हणून त्यांनाही वगळा.

साबणाबाबत सवलत नाही. पावडरींमध्ये सोडियमचे क्षार भरपूर असतात, ते चिकणमातीचे कण विस्कटतात आणि माती सिमेंटसारखी घट्ट होते. बोरॅक्समधलं बोरॉन पानांच्या कडा जाळतं. ब्लीचमधलं क्लोरीन मातीतले जिवाणू मारतं. द्रव साबण घ्या आणि लेबलवर सोडियम, बोरॅक्स, ब्लीच नाही हे वाचा. ‘नैसर्गिक’ शब्दावर जाऊ नका, बोरॅक्सही नैसर्गिकच आहे. घरात जड पाणी मऊ करणारा मिठाचा वॉटर सॉफ्टनर असेल तर त्याचं सोडियम प्रत्येक धुण्यात येतं. मशीनची लाइन सॉफ्टनरच्या आधीच घ्या किंवा सॉफ्टनरमध्ये मिठाऐवजी पोटॅशियम क्लोराइड वापरा.

पावसाळ्यात, म्हणजे इथे साधारण नोव्हेंबर ते मार्च, माती भरलेली असताना व्हॉल्व्ह ड्रेनेजवर ठेवा. वर्षातून एकदा चिप्स वर-खाली करा, कुजून चिखल झालेल्या काढून नव्या टाका. त्याच वेळी प्रत्येक तोंडाचं पाणी बादलीत घेऊन पाहा, एखाद्यातून कमी येत असेल तर तिथे भुगा अडकला आहे.

ॲरिझोनात राहणाऱ्यांना मोकळीक जास्त आहे. तिथे दिवसाला ४०० गॅलनच्या आत आणि अटी पाळल्या तर घराला वेगळा अर्ज करावा लागत नाही. टूसॉन शहराने तर २०१० पासून नव्या घरांत ग्रेवॉटरची वेगळी तोटी काढून ठेवणं बंधनकारक केलं. टेक्सासची घरगुती मर्यादाही ४०० गॅलनचीच.

पुण्या-नाशिकला नातेवाइकांसाठी हे किट नेणार असाल तर आधी त्यांचं मशीन पाहा. भारतातली सेमी-ऑटोमॅटिक आणि अनेक टॉप लोड मशीन पंपाने पाणी फेकत नाहीत, खालच्या नळीतून नुसतं सोडून देतात. त्यांना हा व्हेंट आणि उंचीवरचा व्हॉल्व्ह निरुपयोगी आहे. पंप असलेल्या फ्रंट लोडरला मात्र तळमजल्यावर हीच जोडणी चालते, आणि सामान तिथल्या हार्डवेअरच्या दुकानात एक इंची पीव्हीसी बॉल व्हॉल्व्ह आणि टीच्या रूपात मिळतं. तीन-तोंडी व्हॉल्व्हऐवजी टीला दोन बॉल व्हॉल्व्ह लावले तर एक उघडल्याशिवाय दुसरा बंद करू नका.