हिरवी माळ खरंच जेडची? घरचा काटा की लॅब?

दागिने करणाऱ्या बहुतेक जणींच्या डब्यात ‘जेड’ म्हणून घेतलेली एखादी हिरवी माळ असतेच. कानातलं तयार होतं, ग्राहक विचारते, ‘‘खरं जेड ना, ताई?’’ आणि आपण गप्प.

जेड हे मुळात दोन वेगळ्या खनिजांचं नाव आहे, जेडाइट आणि नेफ्राइट. बाजारात मात्र हिरवं आणि गुळगुळीत दिसलं की झालं जेड. ‘न्यू जेड’ म्हणजे बहुधा सर्पेंटाइन हे जेडहून मऊ खनिज, ‘मलेशियन जेड’ म्हणजे रंगवलेला क्वार्ट्झाइट (क्वार्ट्झच्या कणांचा खडक), तर ‘इंडियन जेड’ म्हणजे अभ्रकाच्या कणांनी चमचमणारं अव्हेंचुरिन. शेवटचं खरं तर छान दिसतं, त्याला उसन्या नावाची गरजच नाही.

माझा पहिला भरवसा काट्यावर. दोन दशांशांपर्यंत ग्रॅम दाखवणारा छोटा काटा लागतो, स्वयंपाकघरातला चालत नाही. मणी बारीक दोऱ्यात ओवून कोरडे तोलायचे. मग पाण्याची वाटी काट्यावर ठेवून आकडा शून्य करायचा आणि माळ पाण्यात पूर्ण बुडेल अशी हातात धरायची. वाटीला कुठेही टेकू द्यायची नाही. आता दिसेल तो आकडा म्हणजे माळेने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. पहिल्या वजनाला त्याने भागलं की घनता मिळते. माझी माळ कोरडी 32.90 ग्रॅम, पाण्यात आकडा 12.40, म्हणजे 2.65. क्वार्ट्झची घनता तंतोतंत हीच. नेफ्राइट (साधारण 2.95) असतं तर 11.15च्या आसपास आकडा यायला हवा होता, जेडाइट (3.33) असतं तर 10च्याही खाली. भोकांत हवेचे बुडबुडे अडकले तर घनता कमी दिसते. म्हणून पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका आणि माळ हलवून घ्या. एकट्या मण्यावर हा प्रयोग करू नका. 6 मिलिमीटरचा मणी जेमतेम 0.3 ग्रॅमचा, त्यात चुकीला फार वाव.

त्यानंतर दहापटीचं भिंग, आणि तेही भोकावर. माझ्या माळेत भोकाच्या कडेला हिरवा रंग गडद साचला होता, बारीक भेगांतून जाळीसारखा पसरला होता आणि मधले कण फिकट होते. म्हणजे रंगवलेला क्वार्ट्झाइट. नेलपॉलिश रिमूव्हरचा बोळा मात्र पांढराच राहिला. बोळ्याला रंग लागला तर मणी रंगवलेला हे नक्की, पण नाही लागला म्हणून तो नैसर्गिक ठरत नाही. सुईने ओरखडा काढून बघायचा सल्ला बरेच जण देतात, मला तो पटत नाही. फारच वाटलं तर भोकाच्या आतल्या कडेला. तिथे ओरखडा उमटला तर सर्पेंटाइनचा संशय घ्यायचा, नेफ्राइटवर सहसा उमटत नाही.

मग लॅब कशाला? कारण आकडा 3.3च्या आसपास आला तर घरचं शहाणपण तिथे संपतं. जेडसारख्याच दिसणाऱ्या हायड्रोग्रोस्युलर गार्नेटची घनताही याच्याच आसपास असते, घरच्या मोजमापाला एवढा फरक झेपत नाही. आणि जेडाइट असलं तरी ते आम्लाने धुऊन त्यात पॉलिमर (प्लास्टिकसारखं द्रव्य) भरलेलं असू शकतं. त्याची खात्री इन्फ्रारेड तपासणीनेच होते, भिंगाने नाही. अशा माळेसाठी जयपूरच्या IIGJ रिसर्च अँड लॅबोरेटरीज सेंटरसारख्या (पूर्वीची जेम टेस्टिंग लॅबोरेटरी) ठिकाणचा दाखला घेणं मी रास्त समजते, पण तोही जेडाच्या भावाने विकायची असेल तरच. 2.7च्या खालच्या माळेवर लॅबची फी घालवू नका. तिथे ‘जेड नाही’ एवढं उत्तर पुरतं, आणि माझ्या माळेसारखा भेगांत साचलेला रंग दिसला तर विक्रीच्या चिठ्ठीवर ‘रंगवलेला क्वार्ट्झाइट’ लिहून मोकळं व्हायचं.

पाठवायचीच ठरली तर आधी फोन करून विचारा, दाखला अख्ख्या माळेचा मिळेल की एकाच मण्याचा. एकाचाच मिळणार असेल तर बाकीचे मणी त्याच्याच जोडीचे कशावरून, हे तुम्हालाच भिंग घेऊन बघावं लागेल.